संकटात सापडलेल्या मातेला आधार कोठे मिळेल?

२०२५ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस पनवेल शहरातील तक्का परिसरात रस्त्याच्या कडेला एक टोपली आढळली. टोपलीत नुकतीच जन्मलेली मुलगी होती आणि तिच्या सोबत एक चिठ्ठी होती. मुलीला वाढवण्याचे बळ आपल्यात नाही, असे सांगून आईवडिलांनी त्या चिठ्ठीत क्षमा मागितली होती. नागरिक आणि पोलीस यांच्या तत्परतेमुळे बाळ रुग्णालयात पोहोचले. वृत्तपत्रांतून बातमी झळकली, काही दिवस चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे ‘किती निर्दयी आईबाप!’ हा निवाडाही देऊन झाला.

आम्हाला त्या चिठ्ठीत निर्दयता दिसत नाही. ज्याला बाळ नकोच असते, तो त्याच्यासाठी टोपली शोधत नाही, चिठ्ठीही लिहीत बसत नाही. ते बाळ कोणाच्या तरी हाती लागावे आणि जगावे, एवढी इच्छा त्या मागे स्पष्ट दिसते. मात्र रस्त्याच्या कडेला ठेवलेले नवजात बाळ वाचतेच असे नाही. पावसाळ्याचे दिवस, भटकी कुत्री, उपासमार ह्यांपैकी कशानेही घात होऊ शकला असता. ज्या कामासाठी त्या आईवडिलांनी रस्ता निवडला, त्याच कामासाठी कायद्याने एक सुरक्षित दार उघडे ठेवले आहे. त्या दाराची माहिती किती जणांना आहे? आणि माहिती असली तरी तेथवर जाण्याचे धैर्य आपला समाज एखाद्या घाबरलेल्या मुलीला देतो का? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी हा लेख आहे.

पनवेल : येणाऱ्या-जाणाऱ्यांचे शहर

पनवेल हे पूर्वीपासून वाटेवरचे गाव. कोकणात उतरणारा, घाटावर चढणारा आणि मुंबईत शिरणारा प्रवासी येथूनच जाई. आज येथे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे, कळंबोलीचा पोलाद बाजार आहे आणि तालुक्याच्या हद्दीत २०२५ साली नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. २०१६ साली पनवेल ही रायगड जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका झाली. कामोठे, खारघर, नवीन पनवेल येथे शिक्षणासाठी आलेल्या मुली भाड्याच्या खोल्यांतून राहतात. परप्रांतातून आलेल्या तरुणी घरकाम करतात, बांधकामावर मजुरी करतात. तालुक्याच्या डोंगराळ भागातील कातकरी आणि ठाकूर कुटुंबे हंगामात वीटभट्ट्यांवर जातात.

अशा शहरात माणूस एकटा पडतो. गावी आत्या, मावशी, शेजारीण असते. येथे खोलीचे भाडे आणि कामाची वेळ एवढेच सोबतीला असते. लग्नाचे वचन देऊन निघून गेलेला तरुण, पोटात वाढणारे बाळ, घरी कळले तर काय होईल ही भीती आणि नोकरी जाण्याची धास्ती, हे सारे एका मुलीच्या वाट्याला एकाच वेळी येते. विवाहित स्त्रीलाही असा प्रसंग येऊ शकतो. नवऱ्याने टाकलेली, दारुड्या पतीचा मार खाणारी, आधीच तीन मुले असलेली माता चौथ्या गर्भाच्या चाहुलीने हादरून जाते. संकटातील गर्भारपण म्हणजे केवळ कुमारी मातेचा प्रश्न, असे समजणे चूक आहे.

महाराष्ट्राची जुनी जखम आणि जुना उपाय

हे दुःख आपल्या भूमीला नवीन नाही. १८६३ साली महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांनी येथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, बाळाला न्यावे किंवा येथेच ठेवावे, असे त्यांनी जाहीर केले. १८७४ साली काशीबाई नावाची एक विधवा त्यांच्या आश्रयाला आली. तिच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी त्याच्या दवाखान्यासाठी रुग्ण वाहून आणताना देह ठेवला. जे बाळ मारले जाण्याची शक्यता होती, त्याच्या हातून पुढे किती जीवांची सेवा घडली!

१८७५ साली पंढरपूर येथे असाच एक बालकाश्रम सुरू झाला. न्यायखात्यात असलेले लालशंकर उमियाशंकर ह्यांनी त्यात पुढाकार घेतला आणि प्रार्थना समाजाने तो चालवला. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी ह्या तरुण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करण्यात आली. त्या वेळी वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी आग पाखडली गेली, तिला ताराबाई शिंदे ह्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. स्त्रीला दोष देणाऱ्या समाजाने पुरुषाला मोकळे का सोडले, हा त्यांचा सवाल होता. आजही तो तसाच उभा आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभारले, हेही ख्रिस्ती वाचकांनी विसरू नये.

ख्रिस्तसभेतही ही परंपरा मोठी आहे. फ्लॉरेन्स शहरात १४४५ साली टाकलेल्या बालकांसाठी रुग्णालय उघडले. १६३८ साली संत विन्सेंट डी पॉल ह्यांनी पॅरिसमध्ये हेच कार्य हाती घेतले. आमच्या जवळ, अंधेरी येथे, अनाथ बालकांची सेवा करणाऱ्या एका जर्मन धर्मभगिनीने, मदर अ‍ॅना हुबेर्ता ह्यांनी, १९४२ साली ‘हेल्पर्स ऑफ मेरी’ ह्या संस्थेची स्थापना केली. ह्या साऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती : मातेची अब्रू सांभाळली तर बाळाचा जीव वाचतो. गुप्तता आणि आदर ह्या दोन गोष्टी न देता केवळ उपदेश केला तर मुलगी अंधाराकडेच वळते.

पहिले पाऊल : रुग्णालय

दिवस गेल्याची शंका येताच पहिली गरज असते ती वैद्यकीय तपासणीची. भीतीपोटी अनेक मुली चार-पाच महिने पोट झाकून ठेवतात, लोहाच्या गोळ्या घेत नाहीत, रक्तदाब तपासत नाहीत, आणि अखेरीस स्नानगृहात एकट्याच बाळंत होतात. त्यात माता आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

शासकीय रुग्णालयात प्रसूती विनामूल्य होते. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधे, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, रक्त, रुग्णालयातील जेवण आणि ने-आण करणारे वाहन ह्यांचा खर्च शासन करते. आजारी बाळाला एक वर्षापर्यंत मोफत उपचार मिळतात. पनवेलमध्ये उपजिल्हा रुग्णालय आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवती स्त्रियांची विशेष तपासणी होते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि गर्भवती मातांच्या वाहनासाठी १०२ हे क्रमांक आहेत. उपचारासाठी विवाहाचा दाखला ही अट नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कारण ‘नवऱ्याचे नाव काय?’ ह्या एका प्रश्नाच्या धास्तीने कित्येक मुली केसपेपरच्या खिडकीवरून परत फिरतात.

मन खचले असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर १४४१६ ह्या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मराठीतून समुपदेशकाशी बोलता येते. मारहाण होत असेल किंवा घराबाहेर काढले असेल तर १८१ ह्या महिला मदतवाहिनीवर संपर्क साधावा. शासनाच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, पोलीस आणि कायदेशीर मदत एकाच छताखाली मिळते. पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवाराही मिळतो. अधिक काळ राहण्याची गरज असेल तर ‘शक्ती सदन’ ही निवासगृहे आहेत. पूर्वीची स्वाधार गृहे आणि उज्ज्वला गृहे २०२२ पासून ह्याच नावाखाली एकत्र आली आहेत.

बाळ स्वतः वाढवायचे असेल तर

‘बापाचे नाव नाही, तर ह्या बाळाचे पुढे होणार काय?’ ही सर्वांत मोठी भीती. तिला कायद्याने बऱ्याच अंशी उत्तर दिले आहे.

६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित मातेच्या याचिकेवर निकाल दिला. ती माता ख्रिस्ती होती. पित्याचे नाव उघड न करता आपल्याला मुलाचे पालकत्व मिळावे, अशी तिची मागणी होती. खालच्या न्यायालयांनी ती नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि एकट्या मातेने प्रतिज्ञापत्र दिल्यास तिच्या अपत्याचा जन्मदाखला दिला गेला पाहिजे, असेही स्पष्ट केले. महाराष्ट्र शासनाने तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले आहे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते आणि रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर रुग्णालयच ती खबर देते. रुग्णालयात जाण्याचा हा आणखी एक लाभ.

पित्याची जबाबदारी लग्न न झाल्याने संपत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ प्रमाणे विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या अपत्यालाही पित्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. लग्नाचे खोटे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे. कायदेशीर सल्ल्याला पैसे नसतील तर जिल्हा व तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना विनामूल्य वकील मिळतो, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो.

आर्थिक मदतीचेही काही मार्ग आहेत. पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात. अंगणवाडीतून पोषण आहार मिळतो. नोंदणीकृत बांधकाम कामगारांना कल्याणकारी मंडळाकडून प्रसूतीसाठी साहाय्य मिळते. एकट्या पालकाच्या मुलासाठी राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात मुलामागे दरमहा २,२५० रुपये दिले जातात आणि अविवाहित मातांची मुलेही तिच्या कक्षेत येतात. नोकरीत असलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा हा २०१७ पासूनचा हक्क आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. त्यासाठी विवाहित असण्याची अट नाही. मात्र घरकाम करणाऱ्या स्त्रिया ह्या हक्कापासून वंचितच राहतात, हे खेदाने नमूद करावे लागते. त्यांच्याबाबतीत मालकिणीची माणुसकी हाच काय तो आधार.

बाळ वाढवणे शक्य नसेल तर

आता त्या उघड्या दाराविषयी. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३५ मध्ये बालकाच्या ‘समर्पणा’ची तरतूद आहे. शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांमुळे, जी आपल्या हाताबाहेर आहेत, मूल सांभाळणे शक्य नसेल तर माता किंवा पालक बाल कल्याण समितीपुढे येऊन मूल समितीच्या स्वाधीन करू शकतात. अशी समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. समितीचा रस्ता माहीत नसेल तर १०९८ ह्या बालकांच्या मदतवाहिनीवर, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा मान्यताप्राप्त विशेष दत्तक संस्थेकडे विचारणा करावी. आणीबाणीत ११२ हा क्रमांक आहेच.

समिती प्रथम समुपदेशन करते. निर्णय दडपणाखाली होत नाही ना, मदत मिळाली तर माता बाळ वाढवू शकेल का, हे पाहिले जाते. त्यानंतर समर्पणलेख केला जातो. विवाहित दांपत्य असेल तर दोघांची सही लागते. अविवाहित माता असेल तर तिची एकटीची पुरते. ती अल्पवयीन असेल तर सोबतचा प्रौढ माणूस साक्षीदार म्हणून सही करतो. ह्यानंतर दोन महिन्यांची मुदत असते. ह्या काळात मातेचे मन बदलले तर ती आपले बाळ परत मागू शकते. मुदत संपल्यावरच बाळ दत्तक देण्यास मोकळे घोषित होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अशा मातेवर गुन्हा नोंदवला जात नाही. समर्पित किंवा टाकलेल्या बालकाच्या चौकशीत जन्मदात्या पालकांविरुद्ध प्रथम खबर अहवाल नोंदवू नये, असे ह्याच अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये सांगितले आहे. तिची ओळख गुप्त ठेवली जाते. मोठे झाल्यावर मुलाने आपल्या मुळाचा शोध घेतला आणि मातेने समर्पणाच्या वेळी गुप्तता मागितलेली असेल, तर तिच्या संमतीशिवाय माहिती दिली जात नाही. टोपलीजवळ चिठ्ठी ठेवणाऱ्या हातांना जे हवे होते, म्हणजे बाळाचा जीव आणि आपली अब्रू, ते दोन्ही येथे मिळू शकते. शिवाय दोन महिन्यांचा विचार करण्याचा अवकाश मिळतो, जो रस्ता कधीही देत नाही.

काही दत्तक संस्था आणि रुग्णालये आपल्या दाराशी पाळणा ठेवतात. नाव न सांगता बाळ त्यात ठेवता येते. तमिळनाडू शासनाने १९९२ साली सेलम येथे अशी योजना सुरू केली आणि पुढे अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. रस्त्यापेक्षा पाळणा शतपटीने बरा. परंतु शक्य असेल तर मातेने समितीपुढे जावे, कारण तेथे बाळाबरोबर तिचीही विचारपूस होते.

अहिल्यानगर येथील स्नेहालयाचे ‘स्नेहांकुर’ आणि पुण्यात ससून रुग्णालयाशी निगडित ‘सोफोश’चे ‘श्रीवत्स’ ह्या संस्थांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे. दुसरीकडे, मूल दत्तक मिळावे म्हणून नोंदणी केलेली दांपत्ये काही वर्षे वाट पाहत असतात. रस्त्यावर टाकले जाणारे बाळ आणि रिकामा पाळणा घेऊन बसलेले घर ह्यांच्यामध्ये अंतर आहे ते माहितीचे आणि भीतीचे.

परस्पर देवघेव नको

येथे एक कळकळीची सूचना. ‘माझ्या ओळखीचे एक नि:संतान जोडपे आहे, गुपचूप देऊन टाकू’ हा सल्ला अनेकदा चांगल्या मनाने दिला जातो. परिचारिका, सुईण, शेजारीण, क्वचित देवळातील सेवकही तो देतात. तो कायद्याने गुन्हा आहे. कलम ८० प्रमाणे विहित पद्धती टाळून मूल दत्तक देणाऱ्या-घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैशांचा व्यवहार झाला तर तो बालकविक्रीचा गुन्हा ठरतो आणि शिक्षा आणखी कठोर होते. कोणतेही टाकलेले मूल सापडले तर २४ तासांच्या आत पोलीस, १०९८ किंवा बाल कल्याण समितीला कळवणे प्रत्येक नागरिकावर बंधनकारक आहे.

आमच्या जुन्या पिढीला बाळ सरळ धर्मभगिनींच्या मठात नेऊन देण्याची सवय होती. आता तसे करता येत नाही. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी संस्थेने तर २०१५ साली नव्या नियमावलीनंतर भारतातील दत्तकविधानाचे काम थांबवले. धर्मभगिनी आजही मातेला धीर देऊ शकतात, तिच्यासोबत समितीकडे जाऊ शकतात. बाळ मात्र कायद्याच्या वाटेनेच नव्या घरी जायला हवे. हा केवळ कागदी सोपस्कार नव्हे. उद्या त्या बाळाला कोणी विकू नये आणि त्याचे वारसाहक्क अबाधित राहावेत, म्हणून हे कुंपण आहे.

मुलगी अल्पवयीन असेल तर

अठरा वर्षांखालील मुलीला दिवस गेले असतील तर २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. तिची संमती होती किंवा तिचे लग्न लावून दिले होते, ह्या सबबी चालत नाहीत. ही गोष्ट ज्याला कळते त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. धर्मगुरू, शिक्षक, डॉक्टर कोणीही त्याला अपवाद नाही. प्रायश्चित्त संस्कारातील गुपित ख्रिस्तसभेच्या नियमानुसार अभंग असते. परंतु म्हणूनच पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने त्या मुलीला संस्काराबाहेर विश्वासू व्यक्तीकडे जाण्यास प्रवृत्त करावे.

वीटभट्टीवरील पंधरा-सोळा वर्षांच्या विवाहित मुली ह्याच कायद्याच्या धाकाने रुग्णालय टाळतात, कारण नवऱ्याला अटक होईल अशी त्यांना भीती वाटते. त्यांना एवढे निश्चितपणे सांगावे की उपचार कोणीही नाकारू शकत नाही. लैंगिक अत्याचारग्रस्त स्त्री किंवा बालिकेवर सर्व शासकीय आणि खाजगी रुग्णालयांनी तातडीने विनामूल्य उपचार करणे कायद्याने आवश्यक आहे. अशा पीडितांना अर्थसाहाय्य देणारी ‘मनोधैर्य’ योजना महाराष्ट्रात २०१३ पासून आहे.

गर्भपाताचा कायदा आणि ख्रिस्तसभेची शिकवण

ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीवन पवित्र आहे आणि हेतुपुरस्सर केलेला गर्भपात हा निष्पाप जीवाचा घात आहे. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी २५ मार्च १९९५ रोजीच्या ‘एव्हांजेलियुम व्हीते’ ह्या विश्वपत्रात ती पुन्हा ठामपणे मांडली. आम्ही तिच्याशी एकनिष्ठ आहोत.

मात्र देशाचा कायदा काय आहे हे वाचकांपासून लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार कायद्यातील कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने, तर २० ते २४ आठवड्यांपर्यंत विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्यात अविवाहित स्त्रियांनाही सामावून घेतले. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत केवळ तिची स्वतःची संमती लागते.

ह्या शेवटच्या वाक्याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. तिची संमती नसेल तर कोणीही तिचा गर्भपात करवू शकत नाही. पती, सासू, प्रियकर किंवा मालक ह्यांनी सक्तीने अथवा फसवून गोळ्या दिल्या तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे. मुलगी आहे का हे पाहण्यासाठी गर्भाची लिंगतपासणी करणे १९९४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. ‘माझी इच्छा नव्हती, पण सगळ्यांनी मिळून ठरवले’ असे म्हणणाऱ्या स्त्रिया थोड्या नाहीत. नाही म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे, हे त्यांना वेळेवर कळले पाहिजे.

औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेण्याचा प्रकार फार धोक्याचा आहे. अशा स्त्रीला अतिरक्तस्राव, ताप किंवा चक्कर येत असेल तर तिने क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात जावे आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. जवळच्यांनी त्या घटकेला जाब विचारत बसू नये. आधी तिचा जीव.

ज्यांच्या हातून गर्भपात घडून गेला आहे, त्यांच्यासाठीही ख्रिस्तसभेचे दार बंद नाही. त्याच विश्वपत्रात पोप जॉन पॉल ह्यांनी अशा स्त्रियांना उद्देशून अत्यंत कोमल शब्दांत आशेचा निरोप दिला आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली सर्व धर्मगुरूंना ह्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार कायमस्वरूपी दिला. कोणत्याही धर्मगुरूकडे जाऊन ती प्रायश्चित्त संस्कार घेऊ शकते.

धर्मग्राम काय करू शकतो?

योजना आणि कलमे कागदावर असतात. त्यांच्यापर्यंत हात धरून नेणारे माणूस लागते. पनवेल परिसरातील आमच्या धर्मग्रामांत परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, समाजसेवेचे शिक्षण घेतलेले तरुण आहेत. प्रत्येक धर्मग्रामाने दोन-तीन विश्वासू, मितभाषी स्त्रियांची निवड करावी. त्यांना ही सारी माहिती द्यावी आणि त्यांचे क्रमांक देवळाच्या फलकावर १८१ आणि १०९८ बरोबर लावावेत. घरकाम करणाऱ्या स्त्रियांना कळेल अशा हिंदी आणि मराठी भाषेत तो फलक असावा. मदत मागणारी कोणत्या धर्माची आहे, हा प्रश्न विचारला जाऊ नये.

स्नानसंस्काराच्या बाबतीतही आमची वृत्ती तपासली पाहिजे. अविवाहित मातेच्या बाळाला स्नानसंस्कार नाकारण्याचा कोणताही आधार ख्रिस्तसभेच्या कायद्यात नाही. पालकांपैकी एकाची संमती आणि बाळ श्रद्धेत वाढवले जाईल अशी आशा एवढे पुरते. अशा बाळाच्या नोंदीसाठी ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेत, कलम ८७७ मध्ये, स्वतंत्र तरतूद आहे. पित्याचे नाव सिद्ध नसेल तर ते न लिहिता नोंद करता येते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१३ साली अशा मातांना परत पाठवणाऱ्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली होती. जिने सगळ्यांचा विरोध सोसून बाळाला जन्म दिला, तिनेच तर जीवनाची शिकवण प्रत्यक्षात पाळली.

आणि सर्वांत कठीण काम आहे ते आमच्या जिभेचे. गर्भपाताविरुद्ध प्रवचन ऐकून बाहेर पडताच देवळाच्या पायऱ्यांवर एखाद्या मुलीच्या पोटाविषयी कुजबुज करणारे आम्हीच असतो. मुली डॉक्टरांना भितात त्याहून अधिक आम्हाला भितात. ज्या धर्मग्रामात कुमारी मातेला तोंड लपवावे लागते, तो धर्मग्राम जीवनाच्या बाजूने उभा आहे असे म्हणता येणार नाही, मग त्याने कितीही जपमाळा म्हटल्या तरी.

पवित्र मरीयेला देवदूताचा निरोप मिळाला तेव्हा ती वाग्दत्त होती, विवाहित नव्हती. योसेफाने तिला गुपचूप सोडून देण्याचा विचार केला होता, म्हणजे ती एकटी पडण्याच्या बेतात होती. अशा वेळी ती एलिझाबेथच्या घरी गेली आणि तीन महिने राहिली. एलिझाबेथने तिला दारात उभे करून प्रश्न विचारले नाहीत, तिने तिला धन्य म्हटले. तारणाच्या इतिहासात ह्या एका घराचे दार उघडे असण्याला किती मोठे स्थान आहे, ह्याचा आम्ही विचार करावा. आपल्या इमारतीत, आपल्या चाळीत, आपल्याच कुटुंबात अशी एखादी मरीया उद्या आली तर तिला ओळखता यावे. तिच्यासाठी एक कप चहा, रात्रीपुरती जागा, रुग्णालयापर्यंत सोबत आणि तोंडावर कुलूप एवढे आम्ही दिले, तरी एका आईला आणि तिच्या बाळाला रस्ता गाठावा लागणार नाही.